शेरा

एलुनेदला मी कधी पाहिलेलं नाही.
तिचं अक्षर ओळखतो.

वेल्सच्या त्या टोकाला, पोर्थ हेलिगच्या किनाऱ्यावर
दर सोमवारी ती पाण्यात उतरते.
गुडघे बुडाले की थांबते,
बाटली उपडी धरून आत नेते, वीतभर खोल,
मग येणाऱ्या लाटेकडे तिचं तोंड वळवते.
झाकणाच्या आतल्या अंगाला बोट लागू देत नाही,
तान्ह्याच्या टाळूला जपावं तसं.

हे मी पाहिलेलं नाही. नियमात लिहिलंय.

माझ्यापर्यंत येते ती बर्फाच्या पेटीतली बाटली
आणि सोबतचा कागद:
वेळ नऊ चाळीस. वारा नैर्ऋत्येचा. पाणी चौदा अंश.
पोहणारे सात. कुत्री तीन.
आणि सगळ्यात खाली, शेरा.
बाकी किनाऱ्यांवरचे लोक तिथे रेघ मारतात.
ती लिहिते.

"वरच्या कुरणातल्या मेंढ्या ओढ्यात उतरल्यात."
"काल लग्न होतं. वाळूत अजून पाकळ्या."
"ग्विलिम टोपी विसरला. तरी पोहला."

ग्विलिम कोण, मला ठाऊक नाही.
पण जूनपासून तो माझ्या टेबलावर
ओल्या केसांनी येऊन बसतो.

मी पाण्यात भुकटी विरघळवतो,
एक्कावन्न घरांच्या तबकात ओततो,
एकेचाळीस अंशांच्या उबेत रात्रभर ठेवतो.
दुसऱ्या दिवशी काळोख करून जांभळा दिवा धरायचा.
जे घर निळं उजळेल
तिथे कुणीतरी जिवंत आहे,
कुणाच्या तरी आतड्यातून आलेलं.
माणसाच्या, मेंढीच्या की समुद्रपक्ष्याच्या,
दिव्याला त्याचं सोयरसुतक नाही.

फार सुंदर दिसतं.
हे कुणाला सांगायची सोय नाही.

ऑगस्टात एका रविवारी रात्रभर पाऊस कोसळला,
गावाच्या गटारांना तो पेलवला नाही.
सोमवारचा शेरा रकान्याबाहेर गेला होता:
"पाइपाच्या तोंडाशी पाणी चहाच्या रंगाचं.
मी म्हटलं, आज नको. ग्विलिम म्हणाला, साठ वर्षं पोहतोय.
फळ्यावर काय लिहू? आकडा तर तुमच्याकडे."

मंगळवारी एक्कावन्नपैकी एक्कावन्न.
मोजायची गरज नव्हती. दोनदा मोजली.
फोन केला. दुपारी लाल पाटी लागली.
त्याच दुपारी एलुनेदने पुन्हा बाटली भरली.
ते पाणी बुधवारी दिव्याखाली धरलं तर
जवळजवळ काळोखच.
समुद्र आपलं धुणं उरकून मोकळा झाला होता.

म्हणजे पाटी खरं बोलत होती, पण सोमवारचं.
वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.
आमचं घोडं फक्त फार नेटकं चालतं,
प्रत्येक टाप वहीत नोंदवून.

पुढच्या सोमवारी: पोहणारे सहा.
शेऱ्यात रेघ.

मी पट्टीने आखल्यासारख्या त्या रेघेकडे बघत राहिलो.
प्रयोगशाळेने किनाऱ्याला काही विचारावं
असा रकाना आमच्या कुठल्याच कागदावर नाही.
रिकाम्या, निर्जंतुक बाटल्या परत जातात,
त्यांच्यासोबत कोरे कागद.
त्यातल्या एकावर, शेऱ्याच्या जागी,
पेन्सिलीने, खोडता येईल इतकं पुसट,
मी लिहिलं: ग्विलिम?

आठ दिवसांनी पेटी आली. बर्फ अर्धा वितळलेला.
वारा पश्चिमेचा. पाणी पंधरा अंश. कुत्रं एक.
पोहणारे सात.
माझ्या पेन्सिलीखाली तिची शाई:
"आठवडाभर पोट धरून होता.
आता उतरण्याआधी मला विचारतो, उतरू का?
मी काय सांगणार, मी नुसती बाटली भरते.
तुम्ही कोण?"

दुसऱ्या दिवशी काळोखात दोन घरं उजळली.
एक्कावन्नपैकी दोन.
आकडा लिहून झाला,
तरी दिवा मी थोडा वेळ
तसाच धरून ठेवला.